गणपतीला मांडव भरून हवा असेल तर: परसातल्या आणि गच्चीतल्या वेलभाज्या

दोडका, पडवळ, कारलं, काकडी, दुधी, घोसाळं. पावसाळ्यात घरी लावायला यांच्याइतकं सोपं काही नाही, असं सगळेच सांगतात. तरी जुलै सरता सरता निम्म्या घरांतून एकच रडगाणं ऐकू येतं: वेल मांडवभर झालाय, फुलंही खंडीभर, पण फळ धरत नाही. मी पुण्यात बारा वर्षं गच्चीवर पिंपांमध्ये वेल वाढवले. आता चिपळूणजवळ परसात वाढवतो. दोन्हीकडे पहिल्या वर्षी हे रडगाणं मीही गायलोय. कारणं तशी मोजकीच निघाली: बी उशिरा टाकणं, मुळाशी पाणी साचणं, खताचा मारा आणि फुलाची वेळ न कळणं. यातल्या शेवटच्या कारणाकडे फार कमी लोक बघतात, म्हणून त्याबद्दल पुढे जरा ऐसपैस लिहिलंय.

आधी पंचांग उघडा

आमच्याकडे वेलभाज्यांचा हिशेब चतुर्थीपासून उलटा मोजतात. गणपतीत माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, त्यामुळे परसात हातानं लावलेलं दोडकं-पडवळ त्या दिवशी लागतंच.

बी टाकल्यापासून पहिल्या काढणीपर्यंत काकडीला ४० ते ४५ दिवस लागतात. दोडका आणि घोसाळं ५० ते ५५, कारलं आणि दुधी ५५ ते ६५, पडवळ ६० ते ७०. आषाढात आठवडाभर ऊन दिसलं नाही, तर प्रत्येकात आठ दिवस वाढवा. मृग साधारण ८ जूनला लागतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे मृगाच्या पहिल्या दिवशी टाकलेल्या बियाला ८० दिवस मिळाले. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे तेच बी ९८ दिवसांचं होतं. पडवळाला हे चालतं. काकडीचा वेल मात्र तोवर म्हातारा होऊन पिवळा पडायला लागतो. म्हणून चतुर्थी लांबलेल्या वर्षी काकडी दोनदा लावायची, एकदा मृगात आणि एकदा जुलैच्या मध्यावर.

मी रोपं रोहिणीत, म्हणजे मेअखेरीस, पडवीत करून ठेवतो. पाऊस स्थिरावला की जमिनीत जातात. पहिल्या मुसळधार सरीत उघड्यावर पडलेलं बी एक तर वाहून जातं नाही तर कुजतं, ते पुन्हा टाकण्यात पंधरा दिवस हातचे जातात.

बी

वेलभाजीचं एकच फळ पुढच्या वर्षाची बेगमी करतं, त्यामुळे शक्यतो सरळ वाण लावा. संकरित बियाचं फळ देखणं असतं, पण त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत काय निघेल याचा नेम नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण हरिता दोडका, कोकण तारा कारलं, कोकण श्वेता पडवळ आणि शीतल काकडी हे वाण आमच्या पावसात टिकतात. घाटावरच्यांना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी काकडी, हिरकणी कारलं, सम्राट दुधी जास्त मानवतात. शेजारपाजारचं गावरान बी मिळालं तर उत्तमच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती असंच गावठी बी राखण्यासाठी.

कारल्याची आणि पडवळाची टरफलं टणक असतात. बी चोवीस तास पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. कारल्याच्या बियाचं टोक नखं कापायच्या कटरनं अगदी हलकं चेचलं तर आठवड्याच्या आत मोड दिसतो. नाहीतर बारा दिवसही वाट बघावी लागते. दुधी-दोडक्याला एक रात्र पुरते, काकडीला तीन-चार तास. मोड आलेलं बी आडवं ठेवून बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल लावा.

या सगळ्यांना मुळं दुखावलेली खपत नाहीत. वाफ्यात रोप करून उपटून लावायचा मिरची-वांग्याचा रिवाज इथे चालत नाही. कागदी पेला, पिशवी किंवा बूड फोडलेली करवंटी, काहीही घ्या, पण रोप मातीच्या गोळ्यासकट जागेवर जायला हवं. बीजदलांनंतर दोन ते चार खरी पानं आली की लावायचं. त्याहून मोठं होऊ दिलं तर तणावे एकमेकांत गुंततात आणि सोडवताना शेंडे मोडतात.

आळं आणि पिंप

परसात हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा पुरतो. उन्हाळ्यात खणून पंधरा दिवस तापू द्या. मग निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. कोकणात खड्डा भरून जमिनीच्या वर वीतभर उंचवटा करायचाच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सपाट आळं म्हणजे इथे डबकं. घाटावर याच्या उलट, आळ्याला कड ठेवा, कारण तिकडे दोन पावसांमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप सहज पडते. एका आळ्यात तीन रोपं लावून नंतर जोमदार दोन ठेवतो. दोन आळ्यांमध्ये कारल्याला तीन फूट, दोडका-पडवळाला चार, दुधीला सहा.

गच्चीत भांड्याचा आकार हाच खरा प्रश्न. काकडीला १५ लिटर, कारलं-दोडक्याला २० ते २५, दुधीला ५० लिटरच्या खाली काहीही घेऊ नका. दोनशे लिटरचं निळं पिंप आडवं कापून दोन भांडी होतात. त्या अर्ध्यात दुधीचा एकच वेल. दोन लावले तर दोघंही उपाशी. बुडाला बोटाएवढी सहा-सात भोकं, त्यांवर खापऱ्या, आणि पिंपाखाली विटा. भोकं गच्चीला टेकली की बुजलीच म्हणून समजा. माती चार भाग, खत तीन, कोकोपीट किंवा भाताचा तूस तीन. नुसती काळी माती भरली तर पहिल्या पावसात चिखल आणि उघडीप पडली की वीट. नर्सरीतल्या लाल मातीच्या गोण्यांचंही तेच.

वजनाचाही विचार करा. शंभर लिटर ओली माती सव्वाशे किलोच्या पुढे जाते. असली पिंपं छपराच्या मधोमध मांडायची नसतात. खाली भिंत किंवा तुळई आहे तिथेच ठेवा.

मांडव

जमिनीवर पसरलेला वेल पावसाळ्यात कुजतो, म्हणून मांडव हवाच. उंची आपल्या डोक्यावर वीतभर, म्हणजे साडेसहा फूट. ठेंगणा मांडव बांधायला सोपा, पण पडवळ जमिनीला टेकतं आणि फुलाफळापर्यंत हात न्यायला रोज कमरेत वाकावं लागतं. चार मेढी दीड फूट गाडून त्यांवर बांबू, आडवे चिवे आणि काथ्या. काथ्या एक पावसाळा निभावतो आणि शेवटी वेलासकट खतात जातो. नायलॉनच्या जाळीतून वाळलेले तणावे सोडवत बसणं हा कंटाळवाणा उद्योग आहे.

गच्चीत मांडव उत्तरेच्या कडेला घ्या, म्हणजे त्याची सावली बाकीच्या कुंड्यांवर पडत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूला दोन जास्तीचे ताण द्या. पुण्यातल्या पहिल्या वर्षी माझा मांडव नुसत्या कुंड्यांमध्ये काठ्या रोवून उभा होता. जुलैतल्या एका रात्री तो फळांसकट शेजारच्या गच्चीत गेला. तेव्हापासून बांबू कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या खांबाला तारेनं बांधल्याशिवाय मी बीसुद्धा भिजवत नाही.

रोपाजवळ एक वाळकी फांदी रोवून ठेवा. गुळगुळीत काठीपेक्षा फाटे असलेली फांदी वेल चटकन धरतो.

शेंडा खुडायला घाबरू नका

मांडवाला पोचेपर्यंत एकच खोड ठेवायचं. पानांच्या बगलेतून निघणारे फुटवे कोवळे असतानाच नखानं काढायचे. वेल मांडवाच्या वर वीतभर गेला की त्याचा शेंडा खुडायचा. मग वरच्या डोळ्यांतून फांद्या फुटून मांडवभर पसरतात. दुधीला तर हे सक्तीचं समजा. त्याच्या मुख्य खोडावर बहुतेक नरफुलं येतात, मादीफुलं येतात ती फांद्यांवर. खोड वीस फूट गेलं आणि दुधी एक नाही, याचं कारण बहुतेक वेळा न खुडलेला शेंडा असतं. पहिल्यांदा शेंडा खुडताना माझा हात थरथरला होता. आते ओट्यावरून ओरडली, “अरे, वेल मोठा करायचाय की भाजी खायची आहे?”

फुलाची वेळ

या सगळ्या वेलांवर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळी येतात. नरफूल नुसत्या देठावर असतं. मादीफुलाच्या मागे पिटुकलं फळ आधीच दिसतं: दोडक्याला धारांसकट, कारल्याला काट्यांसकट. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस नरफुलंच येतात आणि गळतात. ते तसंच असतं. घाबरून खत घालू नका. पण मादीफुलं यायला लागल्यावरही बाळफळ पिवळं पडून गळत असेल, तर परागकण पोचलेले नाहीत.

इथे घड्याळ लागतं. कारलं आणि काकडी सकाळी उमलतात, घोसाळं भल्या पहाटे. दोडका उमलतो संध्याकाळी पाच-सहाला. आमच्याकडे दोडक्याची फुलं पिवळी दिसायला लागली की दुसरा चहा टाकायची वेळ. दुधी आणि पडवळ दिवेलागणीला. त्यांची फुलं पांढरी असतात ती उगाच नाही. रात्रीचे पतंग त्यांच्यावर येतात. म्हणजे सकाळी आठला गच्चीत जाऊन दुधीच्या फुलांवर ब्रश फिरवणाऱ्याला काही मिळत नाही. फुलाची रात्र सरलेली असते. पुण्यात दोन हंगाम मी हेच करत होतो.

चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या आणि पतंग कमीच येतात, कोकणात पावसाच्या झडीत तेही दडून बसतात. अशा वेळी हातानं परागीभवन करा. त्याच दिवशी उमललेलं नरफूल देठासकट तोडा, पाकळ्या काढा, मधल्या पिवळ्या दांडीला बोट लावून बघा. बोटाला पूड लागली तर फूल कामाचं. ती दांडी मादीफुलाच्या मधल्या फाकांवर सगळीकडून हळू टेकवा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरतं. पराग भिजला की वाया जातो, म्हणून झड लागलेली असेल तर दुपारीच दोन-चार नरकळ्या तोडून पडवीत पाण्याच्या वाटीत ठेवा. संध्याकाळी त्या कोरड्या उमलतात. मादीफुलावर मग पानाची टोपी करून दोऱ्यानं सैल बांधा. तीन-चार दिवसांत फळ फुगलं की जमलं. तिथे दोन झेंडू, एक तुळस लावलीत तर दिवसा उमलणाऱ्या फुलांचं काम बरंचसं परस्पर होतं.

तोंडली आणि कर्टोलीचं गणित वेगळं. त्यांची नर आणि मादी झाडंच निराळी. तोंडलीचा फाटा फळ देणाऱ्या वेलाचाच आणा. बी लावून नर निघाला तर वर्षभर नुसतीच फुलं बघायची. कर्टोलीचे कंद लावताना आठ-दहा मादी वेलांमागे एक नर हवा.

खत, पण बेतानं

वेलाला पहिला महिना आळ्यातलं खत पुरतं. पुढे पंधरा दिवसांनी आळ्यामागे दोन ओंजळी गांडूळखत. फुलं लागल्यावर जीवामृत. अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी सांगितलेलं प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे. घरच्या बादलीसाठी १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून रोज दोनदा ढवळा, दहापट पाण्यात मिसळून मुळाशी द्या आणि आठवड्यात संपवा.

युरिया किंवा कोंबडीखत जास्त झालं की पानं सुपाएवढी होतात, नरफुलं वाढतात आणि फळ रुसतं. हिरव्यागार वेलाचं कौतुक करण्यापूर्वी मादीफुलं मोजा.

पाण्याचं सांगायचं तर बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. गच्चीतलं पिंप मांडवाच्या पानांखाली असतं, त्यामुळे भर पावसाळ्यातही ते कोरडं राहिलेलं मी पाहिलंय.

फळमाशी आणि बाकीची मंडळी

रोप लहान असताना तांबडे भुंगे बीजदलांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात. पानाखाली साबणाच्या पाण्याचा वाडगा धरून पान झटकलं की टपटप पडतात. राखही चालते, पण पावसानं धुतली की पुन्हा टाकायला हवी.

फळमाशीचा त्रास खरा. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. फळ टोचल्या जागी वाकतं, डिंकासारखा थेंब दिसतो, मग पिवळं पडून गळतं. आत अळ्या असतात, तिथे कोणतीही फवारणी पोचत नाही. तीन गोष्टी एकदम करायच्या. पहिली, गळलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी उचलायचं. ते खताच्या खड्ड्यात टाकू नका. अळ्या मातीत कोष करून नव्या माश्या होतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. दुसरी, क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा. आंबा-पेरूसाठी मिळतो तो मिथाइल युजेनॉलचा, तो इथे कामाचा नाही. दुकानात मागताना वेलभाजीचा म्हणून सांगा. सापळा मांडवाच्या जरा बाहेर टांगा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून एकट्या सापळ्यावर भिस्त ठेवू नका. तिसरी आणि सगळ्यात खात्रीची: फळ बोटभर झालं की जुन्या ओढणीची पिशवी शिवून चढवायची. पडवळाला लांब नळी शिवावी लागते. घरचे हसतात, हसू द्या.

झडीत पानांवर कोनाकोनाचे पिवळे डाग आले तर तो केवडा, म्हणजे बुरशीसारखा रोग. खालची पानं काढा आणि मांडव विरळ करा. पाऊस ओसरल्यावर पांढरी भुरी येते. एक भाग दुधात नऊ भाग पाणी मिसळून उन्हाच्या वेळी आठवड्याला फवारलं तर ती आटोक्यात राहते. गंधकाची भुकटी मात्र वेलवर्गाला सोसत नाही, पानं करपतात. रस शोषणाऱ्या किडींना निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून. फवारणीसाठी त्या त्या वेलाची फुलं मिटलेली असतील अशी वेळ निवडा.

काढणी

दोडक्याला आणि दुधीला नख लावून बघा. सहज रुतलं तर काढा. दुधीवर लव असते तोवर तो कोवळा. कारलं चमकायला लागायच्या आत, काकडी एक दिवसाआड. पडवळ वेटोळं घ्यायला लागलं तर टोकाला दोऱ्यानं सुपारीएवढा खडा बांधा, सरळ वाढतं. एकही फळ चुकून जून राहू देऊ नका. वेलाला वाटतं बी झालं, काम संपलं, आणि तो नवी फुलं आवरती घेतो. तवशाएवढी जून काकडी सापडलीच तर तिचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. दुधी, दोडका किंवा काकडी चिरताना लहानसा तुकडा जिभेला लावून बघा आणि थुंका. जहर कडू लागला तर अख्खं फळ टाकून द्या. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्यानं माणसं दगावलेली आहेत. कारल्याच्या कडूपणाशी याचा संबंध नाही. अशा वेलाचं बी तर धरूच नका.

बी धरताना

मांडवावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात सरळ आलेल्या दोन-चार फळांतलं एक निवडून त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे गणपतीच्या गडबडीत ते कुणी भाजीला तोडत नाही. जवळपास त्याच भाजीचा दुसरा वाण असेल, तर आदल्या दिवशीच कळीवर फडकं बांधून, हातानं परागीभवन करून पुन्हा बांधून ठेवा. दोडका, घोसाळं आणि दुधी वेलावरच वाळू द्यायचे. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की दसऱ्याच्या पुढेमागे काढायचे. कारलं नारिंगी होऊन फुटण्याच्या आदल्या दिवशी उतरवा, नाहीतर पक्षी आधी पोचतात. बियांवरचा लाल गर धुऊन सावलीत वाळवा. काकडीचं बी गरासकट दोन दिवस वाटीत आंबवा. बुडाला बसलेलं घ्या, तरंगलेलं टाका.

आठ दिवस सावलीत वाळलं की कोरड्या राखेत मिसळून काचेच्या बाटलीत भरा. बाटलीवर भाजीचं नाव, वर्ष आणि कुणाकडून बी आलं ते लिहा. घोसाळ्याच्या वाळलेल्या सांगाड्याला टोपण असतं. ते काढून बी झटकलं की अंग घासायला वर्षाची सोय होते.